सोळा ठिपक्यांतली तगर

बोर्डमास्तरांचं नाव निघालं की आमच्या डेपोतले लोक अजूनही आधी दाराकडे बघतात. मास्तर ऐकत तर नाहीत ना, याची खात्री करून घेतात. हुद्दा म्हणाल तर काही नाही. हाताखाली एक माणूस नाही, आणि खोली म्हणजे बॅटऱ्यांच्या गोदामातून प्लायवूड ठोकून काढलेला तुकडा. राग मात्र थेट जनरल मॅनेजरला शोभेल असा. मी त्याच डेपोत सव्वीस वर्षं बस चालवली. रागात मीही कुणाला हार जाणारी नाही, त्यामुळे आमचं कधी पटलं नाही आणि कधी तुटलंही नाही. भांडायला तोडीस तोड माणूस लागतो, तेवढी सोय आम्ही एकमेकांची केली.

बसच्या कपाळावर दिव्यांचा बोर्ड असतो. एका बाजूला नंबर, दुसऱ्या बाजूला गाडी कुठे जाणार ते नाव. जवळ जाऊन पाहिलं तर सगळा बारीक दिव्यांचा कारभार: उंचीला सोळा ठिपके, लांबीला एकशे अठ्ठावीस, रंग एकच, नारिंगी. कुठला ठिपका पेटवायचा आणि कुठला विझलेला ठेवायचा हे कॉम्प्युटरवर एकेक चौकट भरून ठरवायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि ड्रायव्हरच्या केबिनमधल्या डबीत भरायचं, हे मास्तरांचं काम. त्याआधी ते पत्र्याच्या पाट्या ब्रशनं रंगवत. त्यांच्या पाट्या इतक्या देखण्या असत की भंगारात निघाल्यावर लोक घरी घेऊन जात. दिव्यांचे बोर्ड आले तेव्हा त्यांना तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. परत आले ते कपाळाला आठ्या घालून, आणि त्या आठ्या पुढे कधी उतरल्याच नाहीत.

"गोल अक्षर चौकोनांत बसवायचं म्हणे," ते म्हणाले. "यांनी आयुष्यात गोल काही पाहिलंय का?"

पहिलं फूल त्यांनी काढलं तेही रागाच्या भरात. धुलाईच्या रॅम्पवर एक मावशी होती. छत्तीस वर्षं तिनं आमच्या गाड्यांचा चिखल धुतला. तिच्या शेवटच्या दिवशी साहेब मीटिंगला गेले होते, युनियनवाले आपापसात भांडण्यात गुंतले होते, आणि तिचा निरोप घ्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मावशी पिशवी घेऊन एकटीच संध्याकाळच्या बसची वाट बघत उभी होती. मास्तरांनी ते खिडकीतून पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीनं रॅम्पच्या कडेला बॅटरीच्या फुटक्या खोक्यात सदाफुली लावलेली होती. तासाभरात ती सदाफुली तिच्या बसच्या बोर्डावर, नंबर आणि नावाच्या मधे पेटली. अख्खा डेपो बाहेर आला, टाळ्या वाजल्या. मावशी आत तिसऱ्या सीटवर बसून शेजारणीला विचारत होती, टाळ्या कसल्या म्हणून. बस निघून गेली. जिचं फूल तिनं ते पाहिलंच नाही, कारण बोर्ड गाडीच्या बाहेर आणि माणूस गाडीच्या आत. हे मास्तरांना इतकं लागलं की पुढचे दोन दिवस ते समोर येईल त्याच्यावर खेकसत होते.

पण पायंडा पडला. ड्रायव्हर असो, कंडक्टर असो की फिटर, ज्याची शेवटची फेरी त्याचं फूल बोर्डावर. आणि गाडी रस्त्याला लागली की ज्याचं फूल त्याला ते दिसायचं नाही, हेही दर वेळी तसंच. फोटो काढून दाखवावा तर तेही जमत नसे. हे दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगानं उघडझाप करतात, त्यामुळे फोनच्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि निम्मं फूल गायब होतं. असे अर्धमेले फोटो घेऊन लोक निवृत्त होत, आणि मास्तर त्यावरूनही चिडत.

कुठलंही फूल मागून चालायचं नाही. एक ड्रायव्हर सहज म्हणाला, "मास्तर, काढा एखादा गुलाब." मास्तरांनी चष्मा काढला. "कुठला गुलाब? कुणाच्या कुंडीतला? कुणी लावलेला?" तो बिचारा आला तसा परत गेला. फूल स्वतः आणायचं, मास्तर ते स्टीलच्या पेल्यात ठेवणार, सुकेपर्यंत बघणार आणि ते तुमचं कशामुळे, हे विचारणार. आमचा तिकीट तपासनीस म्हणजे पक्का खडूस; सख्ख्या भावाला दंड केलेला माणूस. त्यानं भेंडीचं फूल आणलं. शेजारच्या गच्चीत भेंडी लावणाऱ्या मुलीकडे बघता बघता त्याचं लग्न ठरलं होतं म्हणे. मास्तरांनी त्या फुलावर आठ दिवस मेहनत घेतली, आणि ते पेटलं तेव्हा तपासनिसाची बायको डेपोच्या गेटपाशी पदर तोंडाला लावून हसत होती.

हे सोपं काम नाही, हे मला त्यांच्या खोलीत उभं राहून शिव्या ऐकता ऐकता कळलं. चार पाकळ्या चौकटीत मुकाट बसतात, आठही बसतात. पाच बसत नाहीत. एक वर, दोन बाजूंना, दोन खाली अशा काढल्या की फुलाचा माणूस होतो, हातपाय पसरलेला. बरेच जण पाचवी पाकळी गुपचूप गाळून टाकतात. मास्तर गाळत नसत. शिवाय प्रत्येक गाडीच्या बोर्डावर दोनचार ठिपके मेलेले असतात. कुठल्या गाडीचे कुठले, हे त्यांना पोराच्या पडलेल्या दातासारखं पाठ होतं. त्या त्या गाडीचं फूल ते असं बेतत की मेलेला ठिपका दोन पाकळ्यांमधल्या अंधारात यावा.

आणि त्या प्रोग्रॅममध्ये आरशाचं एक बटण होतं. अर्धं फूल काढा, बटण दाबा, उरलेलं अर्धं आपोआप तयार. त्या बटणावर मास्तरांनी स्क्रीनवरच कागदाचा तुकडा चिकटपट्टीनं चिकटवून टाकला होता. "झाडावर दोन्ही बाजू सारख्या असलेलं एक फूल दाखव," ते म्हणायचे, "आणि मग हा कागद काढ."

माझी निवृत्ती महिन्यावर आली तेव्हा मी डब्याच्या झाकणात एक तगर घेऊन गेले.

"कुणाची?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या बाल्कनीतली."

"कुठली विचारलं नाही. कुणाची विचारलं."

"तगर आहे. पांढरी असते. काढायची तर काढा, नाहीतर राहू द्या."

त्यांनी झाकण माझ्याकडे सरकवलं. "खोटं फूल मी काढत नाही. उचल."

मी उचललं आणि दार असं आपटलं की प्लायवूडचा एक खिळा निघाला. सव्वीस वर्षं गाडी चालवली, एकदाही कुणाला धक्का लावला नाही, आणि हा माणूस माझ्या फुलाला खोटं म्हणतो. आठ दिवस मी त्या खोलीकडे फिरकले नाही. नवव्या दिवशी गेले ती भांडायलाच गेले, आणि भांडता भांडता जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून बसले.

माझे बाबा याच डेपोत ड्रायव्हर होते. ते निवृत्त झाले त्याच सुमारास मी नवऱ्याचं घर सोडून मुलीला घेऊन त्यांच्याकडे राहायला आले, आणि वर्षभरात बस चालवायचा परवाना काढला. डेपोत तेव्हा बाई ड्रायव्हर एकही नव्हती. परवाना त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो पालथा करून ठेवला आणि जेवायला बसले. त्या दिवसापासून आमचं बोलणं संपलं. मीठ दे, दार लाव, पोरीला उठव, एवढंच. पहिल्या ड्युटीला मी पहाटे गाडीत चढले तर स्टिअरिंगच्या मागे, मीटरच्या काचेवर तगरीचं एक ताजं फूल. मला वाटलं वॉचमनचा चावटपणा. त्याला दरडावलं तर तो म्हणाला, "तुझे बाबा येऊन गेले."

मग रोज. मला कुठली गाडी मिळाली ते फळ्यावर वाचायचं, त्या गाडीत चढायचं, फूल ठेवायचं आणि मी यायच्या आत निघून जायचं. वीस मिनिटं चालत यायचे, वीस मिनिटं चालत जायचे. घरी संध्याकाळी पुन्हा मीठ दे, दार लाव. नऊ वर्षं. ते गेले त्या आठवड्यापर्यंत. कुंडी तेवढी अजून माझ्या बाल्कनीत आहे.

"मला फूल नको होतं मास्तर," मी म्हणाले, आणि माझा आवाज शेजारच्या गोदामात ऐकू जात असणार. "मला एक वाक्य हवं होतं. बरी चालवतेस, एवढं. तेवढं बोलायला काय तोंड झिजणार होतं? मी रोज वाट बघितली. गेले तेव्हाही मी रडण्याआधी चिडले होते. अजून चिडलेलीच आहे."

मास्तर माझ्याकडे पाठ करून स्क्रीनकडे बघत होते. तसेच म्हणाले, "पाकळ्या कुठल्या बाजूला वळतात?"

"काय?"

"तगरीच्या पाकळ्या भिंगरीसारख्या वळलेल्या असतात. सगळ्या एकाच बाजूला. कुठल्या?"

नऊ वर्षं ते फूल मी रोज उचललं होतं आणि पुढची सतरा वर्षं त्या झाडाला पाणी घातलं होतं. मला माहीत नव्हतं. हे कबूल करताना इतकी लाज वाटली की मी त्यांच्यावरच उखडले. "बघून ये," ते म्हणाले. घरी जाऊन पाहिलं. झाडावर सात फुलं होती आणि सगळ्यांच्या पाकळ्या डावीकडे झुकलेल्या. मग तर मला दुसरं काही दिसेनाच. डोळे मिटले तरी डावीकडे वळलेली तगर. दुसऱ्या दिवशी फूल त्यांच्या पेल्यात ठेवलं आणि सांगितलं, "डावीकडे." ते "बरं" म्हणाले आणि मला बाहेर काढलं.

एवढ्यावर सगळं सरळ झालं असतं, पण डेपोत नवे साहेब आले होते. तीन महिन्यांत त्यांनी सतरा परिपत्रकं काढली. त्यातलं एक असं, की ज्या गाडीचा बोर्ड बंद असेल ती डेपोबाहेर काढायची नाही, काढली तर कारवाई. साहेबांच्या लक्षात आलं की डेपोतली पहिली बाई ड्रायव्हर निवृत्त होते आहे. लगेच वर्तमानपत्राचा फोटोग्राफर ठरला. माझी जुनी गाडी खरचटलेली, म्हणून नवी कोरी गाडी ठरली. आणि हेड ऑफिसहून फूल मागवलं गेलं. गुलाब. बाई आहे, गुलाब शोभेल. मी तो पाहिला. अर्धा काढून आरशाचं बटण दाबलेला, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, बाटलीच्या लेबलावर असतो तसा.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "पुरुषांना भेंडी चालते आणि मला गुलाब का?"

"ताई, तगर कुणाला ओळखू येणार आहे? फोटो छापून येणार आहे."

"फोटो तुमचा आहे साहेब. फेरी माझी आहे."

ते हसले. "तुमच्या भावना मी समजू शकतो," म्हणाले, आणि पुढची फाइल उघडली. मला वाटलं ती फाइल त्यांच्या डोक्यात घालावी. सव्वीस वर्षं बाई म्हणून प्रत्येकानं माझी चूक शोधली. मी गाडी मागे घेताना लोक चहा हातात धरून बघायला उभे राहायचे. आता जाता जाता बाई म्हणून गुलाब. मला या लोकांकडून हार नको होता, भाषण नको होतं, घड्याळ नको होतं. बाबा पहाटे गाडीत ठेवून जायचे तसं एक फूल घेऊन मला एकदा रस्त्यावरून जायचं होतं. एवढंच हवं होतं, आणि तेवढंच मिळणार नव्हतं.

मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "तू गाडी चालव. बोर्ड माझा आहे."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आवार भरलं. नवी गाडी धुऊन पुसून उभी, कपाळावर गुलाब. साहेबांनी मला बोर्डाखाली उभं केलं. फोटोग्राफरनं फोटो काढला, बघितला, पुन्हा काढला. प्रत्येक फोटोत गुलाबाचे पट्टे पडलेले, कधी देठ आहे तर पाकळ्या नाहीत, कधी नुसतंच एक पान. साहेब घामाघूम झाले. "मास्तर, बघा जरा," ते म्हणाले.

मास्तर शांतपणे केबिनमध्ये चढले. त्यांना इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दोन मिनिटांत बोर्ड काळा ठिक्कर पडला.

"गेला," खाली उतरून ते म्हणाले.

"गेला म्हणजे?"

"बंद पडला. आता ही गाडी बाहेर काढता येणार नाही. परिपत्रक आहे साहेब. सही तुमचीच आहे."

सगळे ड्रायव्हर आपापल्या बुटांकडे बघू लागले. गेटबाहेर प्रवाशांची रांग, सुटायची वेळ झालेली. मास्तर म्हणाले, "हिची जुनी गाडी तयार आहे," आणि भिंतीकडे हात केला. गाडी खरंच तयार होती. डिझेल भरलेलं, काच पुसलेली, बोर्ड पेटलेला. मी धावतच गेले.

तगर होती. पाचही पाकळ्या होत्या. माझ्या गाडीचे दोन मेलेले ठिपके कुठे गेले ते शोधूनही सापडेना. इतक्या ठिपक्यांत इतकी जिवंत तगर मावेल असं मला वाटलं नव्हतं. आणि ती उजवीकडे वळलेली होती.

मी पुन्हा पाहिलं. उजवीकडे. पाचही पाकळ्या उजवीकडे. माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

"मास्तर, हे उलटं आहे," मी ओरडले. सगळं आवार ऐकत होतं, साहेब ऐकत होते, फोटोग्राफर ऐकत होता. "डावीकडे सांगितलं होतं तुम्हाला. आरशाचं बटण दाबलंत ना? जन्मभर दुसऱ्यांना शिव्या घातल्यात, आणि माझ्या वेळेला बटण दाबून मोकळे झालात. हे माझ्या बाबांचं फूल नाही. त्या गुलाबात आणि यात काही फरक नाही."

मास्तर उलटून बोलतील म्हणून मी पाय रोवून उभी होते. त्यांचा चेहरा पडला, पण राग काही आला नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. "वेळ झाली," ते म्हणाले. "गाडी काढ."

शेवटची फेरी मी अशी दातओठ खात चालवली. कुणी हात हलवला तर बघितलं नाही. पहिला स्टॉप गेला, दुसरा गेला. मनात एकच चाललं होतं, एका माणसानं आयुष्यभर तोंड उघडलं नाही, आणि दुसऱ्यानं उघडलं नाही ते चूक झाकायला. तिसऱ्या स्टॉपनंतर आमचा रस्ता जिथे संपतो तिथे समोर बँकेची इमारत आहे, खालपासून वरपर्यंत काचेची. डावीकडे किंवा उजवीकडे वळावं लागतं, म्हणून तिथला सिग्नल लांबलचक. संध्याकाळी ऊन इमारतीच्या मागे जातं आणि काच काळी पडते. मी ब्रेक लावला आणि समोर पाहिलं.

काचेत माझी बस उभी होती. नंबर उलटा. ठिकाणाचं नाव उलटं, वाचता येऊ नये असं. आणि त्या दोघांच्या मधे तगर, डावीकडे वळलेली.

मला कळायला थोडा वेळ लागला. रस्त्यावरच्या सगळ्या जगाला ते फूल उलटं दिसत होतं. सुलटं फक्त या एका काचेत, आणि या काचेपुढे बोर्डाच्या मागे बसणारं माणूस एकच. मीटरच्या काचेवर पडलेलं असायचं तसंच होतं ते. मी हात पुढे केला, उचलायला, आणि हात विंडस्क्रीनला लागला.

मागून हॉर्न वाजू लागले. कंडक्टर पुढे आला. "ताई, सिग्नल सुटला." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "दिसलं ना? मास्तर गेल्या आठवड्यात तीनदा या गाडीनं इथपर्यंत आले होते. तुमची सुटी झाल्यावर. इथे आत, ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसून समोरच्या काचेकडे बघायचे. मला म्हणाले, तोंड उघडलंस तर बघ."

मी गिअर टाकला. फेरी पूर्ण केली. परत आले तेव्हा मास्तरांच्या खोलीला कुलूप होतं आणि दारावर मेमो चिकटवलेला: सरकारी मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान, तीन दिवसांत खुलासा करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेपोत गेले तर वॉचमननं वही पुढे केली. "पाहुण्यांची एंट्री," म्हणाला. सव्वीस वर्षांनी पाहुणी. वहीवर सही इतक्या जोरात केली की पान फाटलं.

मास्तर खुलासा लिहीत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बटण दाबलं नव्हतं."

स्क्रीनवरचा कागदाचा तुकडा जागच्या जागी होता, चिकटपट्टी पिवळी पडलेली. पेल्यात माझी तगर सुकून तपकिरी झाली होती, आणि तिच्यासमोर, वहीला टेकवून, एक दाढीचा आरसा उभा होता.

"त्यात बघून हातानं काढलं," ते म्हणाले. "अकरा दिवस लागले. तुझ्या गाडीचे दोन मेलेले ठिपके उलट्या बाजूनं झाकणं म्हणजे काय असतं ते तुला कळायचं नाही."

"मग आधी सांगता येत नव्हतं? तुम्हा लोकांना देवानं तोंड दिलंय कशाला?"

"सांगितलं असतं तर पहिल्या स्टॉपपासून तू काच शोधत बसली असतीस. मागे साठ माणसं होती."

ते खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. शेवटी मीच म्हणाले, "चुकले मी."

"इथे नको." त्यांनी पेन खाली ठेवलं. "काल कुठे बोललीस?"

"आवारात."

"मग हेही आवारात जाऊन बोल."

काय माणूस आहे. मी तणतणत बाहेर गेले. पाळी बदलायची वेळ होती, पंचवीसतीस ड्रायव्हर चहाचे पेले घेऊन उभे, साहेबांची खिडकी उघडी. मी काल उभी होते तिथे जाऊन उभी राहिले. वाक्य ठरलेलं होतं: फूल बरोबर होतं, मी चुकले. त्यात अवघड काही नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

तोंड उघडलं आणि मला ती फुलं आठवली. रोज पहाटे मी फूल उचलायचे, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचे आणि गाडी काढायचे. संध्याकाळी घरी बाबा म्हणायचे, मीठ दे. मी मीठ द्यायचे. ते माझ्याकडे एक क्षण जास्त बघायचे, आणि मी ताटात बघायचे. नऊ वर्षांत एकदाही मी त्यांना म्हटलं नव्हतं की मला ते मिळतं. त्यांनी एक वाक्य दिलं नाही म्हणून मी सव्वीस वर्षं पेटून होते. माझं एक वाक्य त्यांच्याकडे जायचं राहिलं होतं, ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी, आवाराच्या मधोमध, तोंड उघडं असताना कळलं.

"फूल मिळालं," मी म्हणाले.

प्लायवूडची खिडकी करकरत उघडली. "ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले. "मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हणाले.